अडुसष्ट बाय पंच्याहत्तर

फियाटचा बोअर अडुसष्ट, स्ट्रोक पंच्याहत्तर.
अँबॅसिडरचा त्र्याहत्तर, स्ट्रोक एकोणनव्वद, केसभर कमीच.
कुठं वाचलं म्हणून विचारू नका.
उद्यमनगरात तेवीस वर्षं
सिलिंडरात हात घालून
बोटांच्या पेरांनी वाचलंय.

फियाट राजारामपुरीतल्या डॉक्टर सुलभा शिंत्र्यांची,
पांढरी, आत कायम डेटॉलचा वास.
अँबॅसिडर बाळेश मगदुमांची,
फौंड्रीच्या धुरात स्वतःचा रंग विसरलेली.
दोन्ही गाड्यांना मिस्त्री एकच:
दिलावर मुजावर, माझा उस्ताद.
तुमची गाडी चांगली, असं
तो कुणालाच म्हणायचा नाही.

शनिवारी संध्याकाळी शटरवर खडूनं आकडे पडायचे.
एक हजार एकोणनव्वद सीसी.
चौदाशे एकोणनव्वद.
"चारशे जास्त, डॉक्टर! तांब्याभर इंजिन जास्त हाय माझं."
"आणि घोडे? माझे अठ्ठेचाळीस, तुमचे पन्नास.
तांब्याभर जास्त पिऊन
दोनच घोडे वाढले होय?"
मगदूम चहा बशीत ओतायचे, फुंकायचे.
"माझे घोडे खिल्लारी बैलासारखे. हळू, पण..."
"घोडे का बैल, एकदा ठरवा."

मी दोन्हीत बसलोय, मागच्या सीटवर, मांडीवर घड्याळ.
पंचगंगेच्या पुलापासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत
फियाट बत्तीस मिनिटं.
चढाला तिसरा गिअर, खिडकी उघडी,
डॉक्टर स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरणाऱ्या.
अँबॅसिडर सदतीस.
पण तिच्यात मगदुमांचे दोन साडू, त्यांच्या बायका,
कुणाचं तरी रडणारं पोर,
आणि डिकीत कास्टिंगची दोन पोती,
वाटेत द्यायची म्हणून.
उस्ताद म्हणाला, "आधी वजन सारखं करा, मग बोला."
ते कधीच झालं नाही.
डॉक्टरांना बरोबर न्यायला माणसं नव्हती
आणि मगदुमांना सोडून जायला.

एका मे महिन्यात, भर दुपारी,
वाघबिळाच्या वळणावर फियाट बसली.
पेट्रोलची नळीतच वाफ झालेली.
मी पंपावर ओलं फडकं गुंडाळून उभा,
तोवर मागून अँबॅसिडर आली.
मगदूम उतरले. बॉनेटमध्ये वाकून बघितलं.
दगडावर बसले, पानाची चंची काढली,
आणि अर्धा तास
एक अक्षर बोलले नाहीत.
त्या अर्ध्या तासाचा राग
डॉक्टरांनी पुढं वर्षभर धरला.
"बोलला असता तर बरं झालं असतं," म्हणायच्या.

उस्ताद गेला. मग मगदूम.
डॉक्टर सर्वांत शेवटी, त्याच पावसाळ्यात.
पुतण्या पुण्याहून आला, गाडीचे कागद माझ्या हातात ठेवून गेला.
मगदुमांच्या पोरांनी तर फोनच केला.
पत्रा भंगारवाल्यानं नेला.
ब्लॉक दोन्ही माझ्याकडं.

वितळवायच्या आधी शेवटचं गेज लावलं.
फियाटचा तिसरा सिलिंडर चार थाव झिजलेला,
अँबॅसिडरचा चौथा सात.
कुणाला सांगायचं? शटरवर लिहिलं,
मग पुसलं.

फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, ते बाजूला काढलं.
बाकी बीड. काट्यावर अँबॅसिडर जड भरली.
मगदूम असते तर अख्ख्या गल्लीला चहा पाजला असता.
भाव मात्र किलोला एकच.
मगदुमांच्याच कुपोल्यात, एकाच हीटला,
दोन्ही लाल झाले, मग पिवळे,
मग लाडलमधून ओतताना
मी बघत होतो, पण
कुठली धार कुणाची, ते काय कळतंय.

त्या हीटमधली पंपाची एक बॉडी
प्रयाग चिखलीच्या मळ्यात बसलीय.
परवा गेलो होतो मुद्दाम.
उसात उकिडवा बसून कान लावला.
पाणीच वाजत होतं.
मोटरची पाटी तेवढी पुसून बघितली, सवयीनं:
पाच घोडे.